वाचनालयात अर्धा तास बोलायचं आहे : भाषणाची तयारी कुठून सुरू करावी?

माणदेशी_बाई

नमस्कार मंडळी,

येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, आमच्या तालुक्याच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं आहे. सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा, दुष्काळी भाग. विषय 'भारताचे संविधान आणि आपण', वेळ अर्धा तास. मी हायस्कूलला इतिहास शिकवते, त्यामुळे बोलायची सवय आहे. पण वर्गात मुलं ओळखीची असतात, हाताशी फळा असतो, आणि आज राहिलेलं उद्या सांगता येतं. इथे समोर वाचनालयाचे ज्येष्ठ सभासद, ज्युनिअर कॉलेजची मुलं आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या महिला सदस्य असणार आहेत. यातलं काहीच उद्यावर ढकलता येणार नाही.

आराखडा असा केला आहे : संविधान सभेची पहिली बैठक (९ डिसेंबर १९४६), उद्दिष्टांचा ठराव, मसुदा समितीची नेमणूक (२९ ऑगस्ट १९४७), ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं, उद्देशिका, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, मूलभूत कर्तव्यं, ७३वी घटनादुरुस्ती आणि पंचायत राज, आणि शेवटी बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९चं संविधान सभेतलं भाषण.

सुरुवात अशी लिहिली आहे : "व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, वाचनालयाचे पदाधिकारी आणि उपस्थित रसिकहो, आज २६ नोव्हेंबर. याच दिवशी १९४९ साली आपल्या देशाने संविधान स्वीकारले. भारताचे संविधान हे अत्यंत विस्तृत असे लिखित संविधान असून..."

हे भाषण चांगलं व्हावं अशी फार इच्छा आहे. शाळेत मुलं परिपाठाला रोज उद्देशिका म्हणतात, पण त्या ओळींबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बसून कुणी बोलत नाही. या निमित्ताने ते व्हावं.

माझे प्रश्न : भाषण पूर्ण लिहून वाचावं, पाठ करावं, की मुद्दे काढून बोलावं? अर्ध्या तासात किती मावतं? आणि सभागृहाचा माईक कसा हाताळायचा?

---

परीक्षक_काका

बाई, विषय उत्तम आणि तुमची कळकळ त्याहून उत्तम. वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण मी बरीच वर्षं करतो आहे, त्यावरून सांगतो.

तुमच्या आराखड्यात नऊ-दहा विषय आहेत. प्रत्येकाला तीन मिनिटं दिली तर लोकांच्या हाती सनावळ्या आणि आकडे लागतील, आणि ते सगळं वाचनालयाच्या कपाटात आहेच. आधी एकच ठरवा : त्या रात्री घरी गेल्यावर कॉलेजची मुलगी आईला तुमच्या भाषणातलं काय सांगेल? ते एका वाक्यात कागदाच्या डोक्यावर लिहा. मग एकेक मुद्दा त्या वाक्यासमोर धरा. त्याला बळ देत असेल तर ठेवा, नाही तर काढा. चांगला मुद्दा काढून टाकणं जिवावर येतं, पण तयारीतलं अर्धं काम तेच आहे.

तुम्ही शेवटी ठेवलेलं २५ नोव्हेंबरचं भाषण भाषणकलेचा पाठ म्हणूनही वाचा. बाबासाहेब सुरुवातीला फक्त हिशोब देतात. सभा पहिल्यांदा भरली त्याला दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस झाले, अकरा सत्रं झाली, ७६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढा वेळ का लागला, ही तेव्हाची टीका होती. म्हणून ते अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या घटनांना किती काळ लागला आणि त्यांत किती कलमं होती ते समोर ठेवतात. प्रत्येक आकडा एका आक्षेपाला उत्तर आहे. एका सदस्याने मसुदा समितीला 'भरकटलेली समिती' म्हटलं होतं. त्याचाही उल्लेख ते करतात आणि हसत हसत परतवतात. मग सहकाऱ्यांचे आभार येतात, संविधान सभेचे सल्लागार सर बेनेगल नरसिंह राव यांच्यापासून मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत, नावानिशी. इथवर सभागृह निवांत झालेलं असतं. आणि तिथून ते प्रश्नाकडे वळतात : स्वातंत्र्य मिळालं, पण ते टिकेल का? पुन्हा जाईल का?

त्या भाषणाचं वजन या वळणावर आहे. पुढचे तीन इशारे म्हणजे सनदशीर मार्ग सोडू नका, राजकारणात व्यक्तिपूजा करू नका, आणि राजकीय लोकशाहीवर थांबू नका, सामाजिक लोकशाही आणा. लोकांच्या लक्षात राहिले ते हे तीन. तुम्हाला अर्ध्या तासात त्यातला एकच घेता येईल. कोणता, ते तुम्ही ठरवा.

---

पूर्वरंग

काकांशी सहमत. आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन आहे, म्हणून त्या अंगाने थोडं लिहितो.

नारदीय कीर्तनाची रचना शेकडो सभांमधून घासून-पुसून आली आहे. नमन होतं, पूर्वरंगात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण होतं, मग नामाचा गजर, बुवांना हार-बुक्का, आणि मग उत्तररंगात आख्यान. आख्यान त्याच अभंगाचा अर्थ गोष्टीतून दाखवतं आणि शेवटी बुवा मूळ अभंगावर परत येतात. तासाभराच्या कीर्तनात विचार एकच असतो. मधला गजरही कारणाने आहे. सलग ऐकून श्रोता थकतो, त्याला श्वास घ्यायला आणि स्वतःचा आवाज काढायला जागा मिळते.

व्याख्यानात गजर नसतो, पण प्रश्न विचारता येतो. गाडगेबाबा कीर्तनात हेच करायचे. वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना साधे प्रश्न टाकायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा राहायचा. त्यांच्या अखेरच्या काळातल्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे, ते जरूर ऐका. भाषण करणारा आणि ऐकणारे मिळून विचार करत आहेत असं वाटतं. बाई, तुम्ही शिक्षिका आहात, प्रश्न विचारणं तुमच्या हातातलं आहे. फक्त वर्गासारखा नेमक्या उत्तराचा प्रश्न विचारू नका. सत्तरीच्या गृहस्थांना चारचौघांत सन विचारला तर ते पुढच्या प्रश्नाला तोंड उघडणार नाहीत.

---

माणदेशी_बाई

दोघांचेही आभार. काकांचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. मी तिसरा इशारा घ्यायचं ठरवते आहे. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करतो आहोत, राजकारणात एक माणूस एक मत आणि एक मूल्य, पण सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारलेलं, असं ते म्हणतात तो भाग. आणि त्यातही बंधुता. समता आणि स्वातंत्र्यावर लोक बोलतात, बंधुतेवर फार कमी.

माझं एक वाक्य असं झालं : "बंधुता नसेल तर मत देण्याचा अधिकार असूनही आपण एकमेकांना परके राहतो."

पण याला 'आख्यान' कुठून आणू?

---

नीरजा_पुणे

आख्यान तुमच्या जिल्ह्यातच आहे, बाई!

बाबासाहेबांचं हायस्कूलचं शिक्षण साताऱ्याला सुरू झालं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी शाळेत प्रवेश घेतला, म्हणून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस असतो. ती शाळेची गोष्ट अनेकांना माहीत असते. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत मसूर स्टेशनचा प्रसंग आहे. तो तुमच्या श्रोत्यांच्या परिसरातला.

१९०१ चा उन्हाळा. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावलं. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून रेल्वेने मसूरला उतरली. पत्र वडिलांच्या हाती न पडल्यामुळे घ्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तरांनी विचारपूस केली, मुलांनी जात सांगितली, आणि त्यांचा चेहरा बदलला. एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचं या अटीवर. बरोबर डब्यात भरपूर जेवण होतं, पण वाटेत प्यायला पाणी मिळेना. जकात नाक्यावरच्या माणसानेही दिलं नाही. रात्र तशीच काढली.

तुमच्या समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी मसूर स्टेशन पाहिलेलं असेल. "सन्माननीय व्यासपीठ" ऐवजी त्या स्टेशनवर सुरू करा.

---

माणदेशी_बाई

नीरजा, हे वाचून अंगावर काटा आला. मी इतिहास शिकवते, साताऱ्याच्या शाळेचा उल्लेख दरवर्षी करते, आणि हा रस्ता मी रोज एसटीने ये-जा करते तो भाग आहे.

पण एक काळजी वाटते. गाव लहान आहे. सभागृहात सगळ्या समाजांची माणसं असतील. कुणाला वाटेल बाई आमच्यावर बोलल्या, कुणाला वाटेल आमची कहाणी दयेसाठी सांगितली. असा प्रसंग कसा सांगायचा?

---

वॉर्ड_तीन

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, बाईंच्या श्रोत्यांमधली एक समजा. कार्यक्रमात आम्हाला पुढच्या रांगेत बसवतात आणि भाषणात फक्त "महिला सक्षमीकरण" असा शब्द येतो. आमच्याशी थेट कुणी बोलत नाही.

प्रसंग जरूर सांगा. सांगताना एकच करा, त्या मुलाबरोबर राहा. त्याला तहान लागली, डबा होता पण पाणी नव्हतं, एवढंच. "अमानुष", "लाजिरवाणं" असे शब्द तुम्ही लावलेत की ऐकणारा बचावाच्या पवित्र्यात जातो. शब्द लावले नाहीत तर तोच मनात ते शब्द म्हणतो. आणि त्या मुलांना त्या रात्री काय काय लागत होतं ते साध्या शब्दांत सांगा. प्रत्येक आईला कळेल.

नंतर आमच्याकडे वळा. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या, पुढे आपल्या राज्यात त्या निम्म्या झाल्या. खुर्ची मिळाली. पण ग्रामसभेत मी बोलायला उठले की मागून कुणी तरी म्हणतं, "बसा हो, तुमच्या मालकांना बोलू दे." कायद्याने जागा मिळाली, पण माझं ऐकून घेणं अजून मिळालेलं नाही. बंधुतेचा मुद्दा इथे आहे. हे सभागृहात सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही इतकंच. तुम्ही बोललात तर आम्ही मान डोलावू.

---

परीक्षक_काका

वॉर्ड_तीन ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. बाई, शक्य असेल तर कार्यक्रमाआधी अशा दोन-तीन श्रोत्यांशी प्रत्यक्ष बोलून घ्या. श्रोत्यांचा अभ्यास म्हणतात तो हाच. वाचनालयात जाऊन ग्रंथपालांनाही विचारा, मागच्या व्याख्यानांना कोण आलं होतं, लोक केव्हा उठून गेले.

---

थेम्सकाठी

लंडनहून लिहिते आहे. पहिल्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही म्हणून.

पूर्ण लिहा. पण वाचू नका, आणि शब्दशः पाठही करू नका. लिहिण्याचा फायदा विचार नीट होण्यासाठी आहे. त्यानंतर कागद बाजूला ठेवून उभं राहून मोठ्याने बोला. बोलताना जी वाक्यं जिभेवर अडतात ती लिखाणाची वाक्यं असतात. "संविधान हे अत्यंत विस्तृत असे लिखित संविधान असून" हे वाक्य कुणी शेजारणीला सांगणार नाही. ते बोलीत आणा, मग पुन्हा बोला. दरवेळी शब्द थोडे बदलतील. बदलू द्या. क्रम आणि गोष्ट पक्की झाली की शब्द आपोआप येतात.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३चं वॉशिंग्टनचं भाषण सगळ्यांना माहीत आहे. त्यातला स्वप्नाचा भाग हातातल्या लिखित मजकुरात नव्हता. बोलता बोलता जवळ उभ्या असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी त्यांना स्वप्नाबद्दल सांगा असं म्हटलं आणि ते कागद सोडून बोलू लागले. लोक याला उत्स्फूर्त म्हणतात. पण त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइटला त्यांनी स्वप्नाचा तो भाग बोलून दाखवला होता. तो त्यांच्या तोंडात बसलेला होता, म्हणून ऐन क्षणी कागदाशिवाय आला. मोठ्याने केलेली तयारी अशी कामाला येते.

मी इथे टोस्टमास्टर्सच्या क्लबला जाते, तिथे लोक भाषणाचा सराव करतात. ही संस्था राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे सुरू केली. तिथल्या दोन गोष्टी घरी करता येतात. वेळ पाहणारा माणूस हिरवा, पिवळा आणि लाल दिवा दाखवतो, म्हणजे वक्त्याला घड्याळाकडे बघावं लागत नाही. आणि एक जण वक्त्याचे "अं... म्हणजे... तर..." मोजतो. घरात कुणाला तरी रंगीत कागद घेऊन बसवा, आणि फोनवर स्वतःचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला अवघड जातं, पण आपण नक्की कुठे घाई करतो ते लगेच कळतं.

---

पूर्वरंग

पाठ करण्याबद्दल माझं मत जरा वेगळं. सगळं पाठ नको, पण पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं शब्दशः पाठ हवीत. सुरुवातीला छाती धडधडत असते तेव्हा पाठ वाक्य आधार देतं. आणि शेवट पाठ नसला की वक्ता उतरायचा जिना शोधत राहतो : "तर मी एवढंच म्हणेन... शेवटी एवढंच सांगतो... जाता जाता..." श्रोत्यांची चुळबुळ सुरू होते आणि आधी कमावलेलं जातं.

२५ नोव्हेंबरच्या भाषणाचा शेवट बघा. आपल्या वाटेत आडवी येणारी वाईट तत्त्वं ओळखण्यात आणि ती दूर करण्यात दिरंगाई करू नका, देशसेवेचा हाच मार्ग आहे, याहून चांगला मला माहीत नाही, अशा आशयाची दोन-तीन छोटी वाक्यं, आणि ते थांबतात.

---

नीरजा_पुणे

भाषेबद्दल एक. मराठी व्याख्यानात दोन परंपरा आहेत. शिवरामपंत परांजपे अलंकारिक, वक्रोक्तीचे. टिळक साधे, मुद्देसूद. टिळकांची १९१६ ची स्वराज्यावरची भाषणं, बेळगावचं १ मेचं आणि पाठोपाठ अहमदनगरची दोन, वाचून बघा. विषय स्फोटक होता, पण ते आधी श्रोत्यांना समजावतात की 'सरकार' म्हणताना आपण कशाबद्दल बोलतो : अदृश्य सरकार वेगळं आणि कारभार करणारं दृश्य सरकार वेगळं, आपली तक्रार दुसऱ्याबद्दल. सगळ्यांच्या पायाखाली एकच जमीन आली की मग मागणी. त्या भाषणांवरून सरकारने त्यांच्यावर कारवाई केली, जीनांनी वकिली केली, आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खालचा आदेश रद्द केला. भाषण इतकं नीट रचलेलं होतं की संपूर्ण वाचल्यावर त्याचा रोख स्पष्ट दिसला.

तुमच्या भाषणातही 'बंधुता' शब्द येण्याआधी बंधुता नसली की काय होतं ते मसूर स्टेशनवर दिसलेलं असेल. शब्द नंतर येऊ द्या.

---

ध्वनीवाला

बाई, माईकचं मी सांगतो. लग्न, सभा, कीर्तन, सगळीकडे साउंड लावतो.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी या आणि साउंडवाल्याला नावाने हाक मारून दोन वाक्यं बोलून दाखवा. "हॅलो हॅलो, वन टू" नको, ज्या आवाजात भाषण करणार त्या आवाजात पहिलं वाक्य बोला. त्यावर तो लेव्हल लावतो. हातातला माईक असेल तर हनुवटीपाशी, तोंडापासून चार बोटं, आणि मान वळवली तर माईकही तोंडाबरोबर वळवा. बहुतेक लोक मान उजवीकडे नेतात आणि माईक डावीकडेच राहतो, मग अर्धं वाक्य गायब. स्टँडचा माईक असेल तर तो उंचीला लावून घ्या, वाकून बोलू नका. वाकलं की छाती दबते आणि आवाज कोंदटतो. माईकवर टिचकी मारू नका, फुंकर तर अजिबात नको. कॉर्डलेस घेऊन फिरणार असाल तर स्पीकरच्या पुढे जाऊ नका, शिट्टी येते.

पत्र्याचं छत असेल तर आवाज घुमतो. तिथे सावकाश बोला आणि वाक्य संपलं की थांबा. आधीच्या वाक्याचा घुमारा शांत झाल्यावर पुढचं. हॉल रिकामा असताना जास्त घुमतो, माणसं भरली की कमी होतो, त्यामुळे तपासणीत घाबरू नका. आणि स्टेजवर टांगलेला पंखा थेट वर असेल तर साउंडवाल्याला सांगून बंद करा, कागद उडतात आणि माईकमध्ये घरघर येते.

---

थेम्सकाठी

कागदाबद्दल राहिलं. मुद्द्यांचा कागद जाड, एका बाजूला लिहिलेला, मोठ्या अक्षरात, पानांना क्रमांक. स्टेपल करू नका, सुटी पानं शांतपणे सरकवता येतात. फोनवरून बोलू नका, पडदा विझतो आणि लोकांना वाटतं बाई मेसेज बघतायत. कोणाचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करायचं असेल तर ते मात्र पूर्ण लिहा आणि वाचूनच दाखवा. बाबासाहेबांचं वाक्य सांगताना हातात कागद घेतलेला चांगला दिसतो. त्यांचा शब्द बदलू नये ही काळजी लोकांपर्यंत पोचते.

---

माणदेशी_बाई

नवा आराखडा. सुरुवात बोलून बोलून अशी झाली आहे :

"अध्यक्ष महाराज आणि मंडळी. १९०१ सालचा उन्हाळा आहे. संध्याकाळची वेळ. मसूर स्टेशनवर चार मुलं गाडीतून उतरली आहेत. अंगावर नवे कपडे, हातात डबे. त्यांच्यातला एक नऊ-दहा वर्षांचा आहे. त्याचं नाव मी थोड्या वेळाने सांगते."

मग गाडीवान, पाणी, रात्र. मग तो मुलगा कोण ते. मग १९४९, संविधान सभा, आणि त्या भाषणातला तिसरा इशारा, वाचून दाखवलेल्या दोनच वाक्यांत. मग उद्देशिकेतला बंधुतेचा भाग. मग ग्रामसभेत बाई बोलायला उठते तेव्हा काय होतं. शेवटचं वाक्य अजून ठरलेलं नाही. बाकी संविधान सभेच्या तारखा आणि कलमांची संख्या काढून टाकली. वाचनालयाला सांगून त्या माहितीचं एक पान छापून दाराशी ठेवणार आहे, ज्याला हवं तो घेईल.

मोठ्याने बोलून मोजलं तर छत्तीस मिनिटं होतात. आणखी एक, ग्रंथपाल म्हणाल्या की कार्यक्रमाला वेळेत सुरुवात होणं कठीण, आधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक आहे.

---

परीक्षक_काका

फार सुरेख. त्या मुलाचं नाव उशिरा सांगण्याबद्दल एकच सूचना : काहींनी ओळखलेलं असेल, त्यामुळे कोडं म्हणून ताणू नका. गाडीवान भेटेपर्यंत पुरे.

छत्तीसची अठ्ठावीस करा. सभागृहात थांबे येतात, हशा येतो, प्रश्नाला उत्तरं येतात, त्यामुळे घरी अठ्ठावीस झालं तर तिथे अर्धा तास भरतो. कापायचं असेल तर वाक्या-वाक्यातून दोन-दोन शब्द काढत बसू नका, एक आख्खा भाग काढा.

आणि सत्कारांनी वेळ खाल्ला तर? आत्ताच तीन आवृत्त्या तयार ठेवा. अर्ध्या तासाची आहे. वीस मिनिटांच्या आवृत्तीत संविधान सभेचा भाग लहान होतो. दहा मिनिटांच्या आवृत्तीत मसूर स्टेशन, बाबासाहेबांचं एक वाक्य आणि ग्रामसभा, बस. तिन्ही एकदा तरी मोठ्याने बोलून बघा. ऐन वेळी संयोजक कानात "मॅडम, जरा आटोपतं घ्या" म्हणाले तर तुम्हाला धावत सगळं सांगावं लागणार नाही, सरळ दुसरी आवृत्ती निवडायची. वेळ कमी मिळाल्याची तक्रार माईकवरून करू नका. त्यात एक मिनिट जातं आणि श्रोत्यांना आपणच अडचणीचे वाटू लागतो.

व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं आधी मागून घ्या, बरोबर उच्चारासह. तुमची सुरुवात थेट गोष्टीने होते ते उत्तम आहे. नावं घ्यायचीच असतील तर शेवटी आभाराच्या एका वाक्यात घ्या, पण वाचनालयाच्या अध्यक्षांना आधी कल्पना द्या, म्हणजे कुणाला डावलल्यासारखं वाटणार नाही.

---

वॉर्ड_तीन

बाई, शेवटचं वाक्य मी सुचवू का? ग्रामसभेचा भाग झाल्यावर आमच्याकडे बघून विचारा, "पुढच्या ग्रामसभेत ही ताई बोलायला उठली, तर तुम्ही ऐकून घ्याल ना?" आणि थांबा. उत्तर येऊ द्या.

---

माणदेशी_बाई

ताई, हेच घेणार. आजच पाठ करते.

एक शेवटची शंका. भाषणानंतर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं ठेवली आहेत. कुणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषणच सुरू केलं, किंवा आरक्षणावरून तापलेला सूर लावला, तर काय करायचं?

---

नीरजा_पुणे

सूत्रसंचालकांना आधीच सांगून ठेवा की त्यांनी जाहीर करावं, एकाने एकच प्रश्न आणि एका मिनिटात. माईक प्रश्नकर्त्याच्या हातात देऊ नका, कार्यकर्त्याने धरावा. हातात गेलेला माईक परत घेणं अवघड असतं.

कुणी लांबवलं तर त्यांच्या बोलण्यातला एक मुद्दा उचला, "तुम्ही अमुक म्हणालात, त्यावर बोलते," असं म्हणून उत्तर सुरू करा. त्यांना ऐकलं गेल्याचं समाधान मिळतं आणि सूत्रं तुमच्याकडे येतात. प्रश्न मागच्या रांगेतल्यांना ऐकू आलेला नसतो, म्हणून उत्तराआधी प्रश्न आपल्या शब्दांत पुन्हा सांगा. तेवढ्यात विचार करायलाही वेळ मिळतो, आणि प्रश्नातला तापलेला शब्द गाळून मूळ मुद्दा तेवढा सांगता येतो.

आरक्षणाचा विषय निघाला तर टाळू नका. त्यावर तुमचं जे प्रामाणिक मत आहे ते आधीच चार वाक्यांत लिहून, मोठ्याने बोलून ठेवा. ज्या प्रश्नाची धास्ती वाटते त्याचीच तयारी करून जा. उत्तर देताना फक्त विचारणाऱ्याकडे बघत राहू नका, नाही तर ते दोघांचं भांडण होतं. पहिलं वाक्य त्यांच्याकडे बघून, पुढची सगळ्यांकडे बघून. आणि उत्तर माहीत नसेल तर "हे मला वाचून सांगावं लागेल, वाचनालयात उत्तर लिहून ठेवते" असं म्हणा, आणि आठवड्याभरात खरंच ठेवा.

पहिला प्रश्न विचारायला कुणी धजत नाही. तेव्हा तुमच्या कॉलेजच्या मुलींपैकी कुणाच्या मनात खरोखर प्रश्न असेल तर तिला आधी सांगून ठेवा, पहिला हात तिने वर करावा.